लिहिण्याकडे सालानं राहिलेला माणिक

उन्हाळाभर दिवस कलला की मी माणिकला फोन लावायचो आणि एकच विचारायचो, "आज कामावर आला होतास का?" त्या दिवशीही लावला. फोन त्याच्या बायकोनं, वहिनींनी, उचलला. मग कुणीतरी त्यांच्या हातातून फोन घेऊन सांगितलं, मास्तर गेले, दुपारी छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत... मी तसाच पाथरीच्या स्टँडवर आलो. वालूरकडची जीप भरल्याशिवाय निघेना. ड्रायव्हर निवांत तंबाखू मळत होता आणि मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं. याला आता काही आठवडे झाले, पण अजून मी एका जागी धड बसत नाही. पेपर उघडतो, मिटतो. चहा ठेवतो आणि अंगणात जाऊन उभा राहतो.

माणिक आणि मी एकाच गावचे, वालूरचे. आमच्या आधी दोघांच्याही घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. माझे वडील मेंढरं राखायचे. त्याचे वडील, ज्यांना सगळी गल्ली दादा म्हणते, गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस त्या मालकाच्या वाड्याचा होऊन जायचा. ज्या दिवशी कामाला जाणं चुकलं तो खाडा, आणि खाडा नंतर भरून द्यायचा. सेलूला कॉलेज करून माणिक देवगाव फाट्याजवळच्या एका शाळेत मास्तर झाला, मी पाथरीला ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला लागलो. मी चार ओळी नीट लिहू शकतो हे मला सर्वांत आधी त्यानं सांगितलं. माझा पहिला लेख पुरवणीत छापून आला तेव्हा त्यानं तो शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवला होता. हे उपकार बोलून दाखवलेले त्याला खपायचे नाहीत, म्हणून आज लिहितो आहे.

त्याला दादांवर पुस्तक लिहायचं होतं. दादा आहेत तोवर पुरं करायचं आणि त्यांच्यासमोर बसून सगळं वाचून दाखवायचं, एवढीच त्याची ओढ. दादांना अक्षर येत नाही. अर्धवट काही ऐकवायचं नाही, असं माणिकनं ठरवलं होतं. शाळेच्या दिवसांत लिहिणं व्हायचं नाही, म्हणून सगळी भिस्त उन्हाळ्यावर. दर पाडव्याला तो माझ्याकडे यायचा, पुरणपोळी खायचा आणि साल ठरवायचा. गडी तो, मालक मी. रोज एक पान, ऊन ओसरीवर यायच्या आत. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दोन. मुदत शाळा उघडेपर्यंत. मी म्हणायचो, अरे, मला कसला मालक करतोस? तर हसून म्हणायचा, "आपल्या दोघांच्या खानदानात पैला मालक तूच हायस. जरा दरडावून बोलायला शीक."

पण मराठवाड्यात उन्हाळा म्हणजे लग्नसराई, आणि घरात एकच शिकलेला असला की त्याला कुणी सोडत नाही. माइकवर पाहुण्यांची नावं घ्यायला माणिक, आलेल्यांना बसवायला माणिक. तरी गड्याला लग्नाची सुट्टी कुठली, म्हणून तो मांडवातच लिहायला बसायचा. एकदा एका लग्नात कोपऱ्यातली खुर्ची धरून तो पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहीत होता. लोकांना वाटलं, मास्तर आहेर लिहून घ्यायलेत. बघता बघता समोर रांग लागली. एक मामा भांड्याचा डबा पुढं करून म्हणाले, "लिवा, मास्तर, नाव नीट लिवा, मागच्या बारीला माझं भांडं दुसऱ्याच्या नावावर गेलंय." याला नाही म्हणवेना. संध्याकाळी मी फोनवर विचारलं तर म्हणाला, "पान झालंय मालक, पण त्यातलं निम्मं आहेर हाय." तो खाडा धरायचा की नाही यावर आम्ही बराच वेळ भांडलो.

हसण्यासारखं हे एवढंच. बाकी दर उन्हाळा त्याला एकाच ठिकाणी आणून अडवायचा. दादांनी त्याला सेलूच्या वसतिगृहात सोडलं, तिथपर्यंत पुस्तक यायचं, आणि दुसऱ्या दिवशी हा पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायचा. मी चिडायचो. एका उन्हाळ्यात फारच टोचून बोललो तेव्हा तो म्हणाला, "तिथून पुढं मी गावात न्हवतो रे. दादा कसा राबला, काय खाल्लं, कुनाशी बोलला... मला ठावच न्हाई. इचारलं तर म्हनतो, काय असतंय, काम." मग यंदाच्या पाडव्याला त्यानं नवी अट घातली. मागं फिरायचं नाही. वसतिगृहाच्या फाटकापलीकडचं निदान एक पान. महिनाभर रोज त्याचा आवाज उतावळा असायचा, कधी चिडका. उद्या ओलांडतो, म्हणायचा. उद्या नक्की.

तेराव्यानंतर वहिनींनी कागदांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. "भाऊजी, तुमीच बघा आता काय करायचं ते." मी घरी नेऊन वाचला. पुस्तक फाटकापाशीच थांबलं होतं. तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. हे मी पुरं करावं का? मेंढरं राखणाऱ्याच्या पोरानं सालगड्याच्या पोराचं पुस्तक लिहायला हरकत नसावी, असं सकाळी वाटायचं आणि दुपारपर्यंत ते पोकळ वाटायचं. कॉलेज उघडायला आलं होतं, दादांचं वय झालं होतं. शेवटी गठ्ठा घेऊन वालूरला गेलो आणि दादांना खरं ते सांगितलं, की पुरं झालेलं नाही, पण आहे तेवढं वाचतो.

ते लिंबाखाली बाजेवर बसून ऐकत राहिले. फाटकाचं पान आलं. माणिकनं लिहिलं होतं, मला आत सोडून दादा वळले आणि धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले.

"मी कुटं डोळे पुसले?" दादा म्हणाले. "लय ऊन व्हतं त्या दिवशी. घाम पुसला."

मी विचारलं, बदलू का ते?

"न्हाई. ऱ्हाऊ दे."

मी मग इतके दिवस घोळवलेलं बोलायला लागलो, की दादा, इथून पुढचं तुम्ही सांगा, मी उतरवून घेतो, माणिकची तीच इच्छा होती... त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"पुढचं मला ठाव हाय की, माझंच हाय ते," ते म्हणाले. "त्याला मी कसा दिसलो, तेवढं वाच. पुन्हा पैल्यापासून."