तिवरवाले फुवाजी

अडवलेलं पाणी पाहून ज्याच्या पोटात दुखतं असा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या पदरी पडला होता. दर्यापूरकडच्या काळ्या रानात लोक पाणी अडावं म्हणून धडपडतात; आमचे फुवाजी दिसेल ते पाणी मोकळं करत. आत्यानं मोरीला बोळा लावला की हे काढणार. कुणी शेताला धुरा, म्हणजे बांध, घालताना दिसला की थांबून विचारणार, "खाली कोन आहे? त्याले इचारलं का?" खाली बहुधा बाभळीच असत. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाला तिवराची, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडाची, अख्खी कर्मकहाणी ऐकवली. "कुऱ्हाडीनं नाही मरत ते. सरपनाले तोडलं त पुन्हा फुटते. पन भरती अडवली, का वरून नदीचं गोडं पानी तोडलं, त उभ्या उभ्या मरते." मामानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्याच्या द्रोणातली कढी निवून गेली.

हे वेड कोकणातलं. राज्यांच्या फेरमांडणीत वऱ्हाड मुंबई राज्यात आलं तेव्हा जंगलखात्यातल्या फुवाजींची अकोल्याहून थेट एका खाडीकाठी बदली झाली. नदीच्या मुखाशी भातशेती करायची म्हणून गावानं खाडीला बांध घालायची परवानगी मागितली. वऱ्हाडात धुरा घालणं म्हणजे पुण्यच. फुवाजींनी 'एकही झाड तोडायचं नाही' एवढ्या अटीवर आनंदानं शिफारस केली, वर स्वतः नारळ फोडला. गावानं शब्द पाळला. दोन-तीन वर्षांत बांधाआतलं सगळं तिवर जागच्या जागी वाळलं.

पेन्शन घेऊन गावी परतल्यावर ते दर दिवाळीला तिथल्या शाळामास्तरांना कार्ड टाकत: तिवर परत आलं का? उत्तर ठरलेलं, नाही. आम्ही हसायचो. मीही हसलो, त्याचं आता वाईट वाटतं.

एका वर्षी उत्तर लांबलचक आलं. फुवाजींना दिसेनासं झालं होतं, म्हणून मी वाचून दाखवलं. उधाणात बांध फुटला, सहा घरांची भातशेतं खारी झाली, आणि भगदाडाशी चिखलात तिवराची रोपं उगवलीत. मला वाटलं, आता फुवाजी पेढे वाटतात.

ते म्हणाले, "पुन्हा वाच."

मी रोपांपासून वाचायला लागलो.

"झाडाचं नाही रे. ते सहा घरं कोनाचे, लिवलं का?"

नव्हतं लिहिलं. आत्यानं ताट वाढलं तेव्हा ते नुसती भाकर खाऊन उठले, भात तसाच राहिला. त्यानंतर त्यांनी कार्ड टाकलं नाही, आणि भातालाही कधी हात लावला नाही. आत्यानं त्यांच्यापुरता भात टाकणं बंद केलं.