बावीस नावांची हाक

१२ जून २०२२ रोजी इंडोनेशियातल्या हामोल गावाने दोरकास मावशीच्या मृत्यूनिमित्त एकूण सदतीस लाख चाळीस हजार रुपिया खर्च केले. दोरकास मावशी त्या वेळी स्वतःच्या अंगणात बसून दगडाने बदामासारख्या कनारीच्या बिया फोडत होती.

चूक माझी होती, म्हणून हकीकतही मीच लिहितो.

मावशी म्हणजे माझ्या बायकोची, ओर्पाची, सख्खी मावशी. वय तेव्हा एक्क्याऐंशी. चाळीस वर्षं ती डोक्यावर कनारीची टोपली घेऊन डोंगर उतरायची आणि कलाबाहीच्या बाजारात बसायची. मी त्याच बाजाराशेजारच्या पतसंस्थेत हिशेबनीस आहे. पुढल्या वर्षी निवृत्त होईन. लग्नानंतर मी हामोलला राहायला आलो तेव्हा गावाची जुनी भाषा, हामोली, बोलणारी तीस-चाळीस माणसं होती. २०१६ साली मावशीची नणंद वारली आणि मावशी एकटी उरली. तेव्हापासून ती हामोलीत कोंबड्यांशी बोलते. कोंबड्या ऐकतात.

एकदा मी तिला विचारलं, "स्वतःच्या चार मुलांना का नाही शिकवलीस?"

"थोरल्याने शाळेत हामोली शब्द काढला, तर गुरुजींनी गळ्यात फळी अडकवली," ती म्हणाली. "दोन दिवस पोरगा ती फळी घालून घरी आला. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, घरात बाजारातली मलयच बोलायची. पोरं शिकली, पोटाला लागली. मला त्याचं वाईट वाटत नाही. एका हाकेचं तेवढं राहिलंय."

हामोलमध्ये माणूस गेलं की वेशीवरच्या दगडावर उभं राहून हाक मारतात. गेलेल्याच्या आईला, मग तिच्या आईला, अशी मागे मागे बावीस नावं घ्यायची आणि प्रत्येकीला सांगायचं, दार उघड, लेकरू येतंय. गेली वीस वर्षं गावातली प्रत्येक हाक मावशीनेच मारली होती. तिच्या स्वतःच्या वेळी मारणारं कुणी नव्हतं.

तिचा पुतण्या ओबाजा चर्चचा पंच आहे. तो म्हणाला, "मी मारीन की मलयमध्ये. देवाला सगळ्या भाषा कळतात."

"देवाला कळतात रे. माझ्या आईला कळत नाहीत. तिला मलयमध्ये पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. तू वेशीवर ओरडशील आणि ती म्हणेल, कुणी कापडवाला आलाय, दार लावून घ्या."

ओबाजा हसला, पण मावशी हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "जावई, तू शीक."

"मी? माझी जीभ कलाबाहीची."

"जिभेचं मी बघते. तू पाठ केलेलं विसरत नाहीस. बायकोचा वाढदिवस विसरतोस, पण माझ्या खात्यावर कधी काय होतं ते सांगतोस."

"फोनवर उतरवून ठेवू का?"

"आणि बॅटरी संपली म्हणजे मी अर्ध्या वाटेत बसून राहू?"

हाक शिकवण्याबद्दल दोन कोंबड्या घेतात. एक शिकायला बसताना आणि दुसरी ज्या दिवशी हाक खरोखर मारली जाईल त्या दिवशी, शिकवणाऱ्याच्या घरी. मी पहिली कोंबडी दिली आणि मे महिन्यापासून रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसू लागलो. ती सांगेल ते वहीत उतरवायचं. घरी आलो की मी ती नावं सवयीने क्रमवार लावली, सर्वांत जुनं आधी आणि मावशीची आई लोकमाई शेवटी.

त्या रविवारी प्रार्थनेनंतर मी घरामागच्या मोकळ्या शेतात गेलो. हाक पुटपुटून जमत नाही, श्वास चुकतो. म्हणून मोठ्याने मारली. बावीसच्या बावीस नावं, एकदाही न अडखळता. मला बरं वाटलं.

हामोलमध्ये मावशी सोडून कुणालाही त्या हाकेतला शब्द कळत नाही, पण चाल सगळ्यांना माहीत आहे, आणि ती मी मावशीसाठीच शिकतोय हेही. मी शेतातून पुढच्या अंगणात आलो तोवर चर्चची घंटा वाजू लागली होती. ओबाजा खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन रडत शेजारच्या मावशीच्या अंगणात शिरला आणि जागच्या जागी उभा राहिला.

मावशीने दगड खाली ठेवला. "कोण गेलं रे?"

"तू," ओबाजा म्हणाला.

"कधी?"

त्याच्यामागून माणसं येतच होती. पांढरं कापड, कॉफी, साखर, मका, आणि वरच्या वाडीचं एक डुक्कर. मयताला आणलेलं परत नेता येत नाही. नेलं तर मरण आपल्या घरी येतं. सगळे माझ्याकडे बघू लागले. ओर्पाने तर मान फिरवली.

"आता शिजवा," मावशी म्हणाली. "दुसरं काय करणार?"

तिने नवं लुगडं नेसलं आणि मधोमध बसली. ओबाजाने शोकाचं भाषण वर्षभरापूर्वीच तयार ठेवलं होतं. लोकांनी ते म्हणायला लावलं. मधेच मावशी म्हणाली, "मी स्वभावाने गोड होते म्हणतोस. तुला फोकाने मारलं ते विसरलास?"

जेवणं झाल्यावर तिने मला जवळ बोलावलं. "शब्द बरोबर होते. पण तू सगळ्यांत जुन्या आजीपासून सुरुवात केलीस आणि माझ्या दारापर्यंत आणून सोडलंस. मला तिकडे पाठवायचं, की त्यांना इकडे बोलवायचं?"

"क्रम लावला होता."

"तुझा क्रम पतसंस्थेत. म्हणून तर सगळं गाव जेवायला आलं. आता सरळ म्हण. लोकमाईपासून."

मी म्हणू लागलो. सातव्या नावाला थांबलो, आणि ओबाजाने ते नाव घेतलं. त्याच्या आजीच्या वेळी ऐकलेलं होतं, म्हणाला; मागची नावं गावात बऱ्याच घरांची एकच आहेत. बाराव्याला वरच्या वाडीची एक म्हातारी बोलली. असं करत बावीस झाली. मावशीने डोळे मिटून घेतले होते. "आईला ऐकू गेलं असेल," ती म्हणाली, आणि आणखी एक वाटी रस्सा मागितला.

पस्तीस वर्षं मी इंडोनेशियनमध्ये जमाखर्च लिहिला. हामोलीवाचून काही अडलं नाही. दुकानाचं, कचेरीचं, दवाखान्याचंही अडत नाही. मुलांनी ती पुन्हा बोलावी असं मावशीही म्हणत नाही. फक्त बावीस बायका अशा आहेत ज्यांना दुसरी कुठलीच भाषा येत नाही, आणि तिला त्यांच्याकडे जायचं आहे. ओबाजा आता बुधवारी शिकायला येतो. त्याने पहिली कोंबडी दिली, तीही लंगडी, हे मावशी प्रत्येकाला सांगते.

आज ती चौऱ्याऐंशीची आहे. सकाळीच तिने मला लोकमाईपासून सगळी नावं म्हणायला लावली. एकही चुकलं नाही.

माझ्याकडे एक कोंबडी बाकी आहे.