मामांचा वेगळा गिलास

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात वाघाला न भिणारी माणसं पुष्कळ सापडतील, पण दुसऱ्याच्या उष्ट्या गिलासाला माझ्या बायकोच्या मामांइतका भिणारा माणूस शोधून सापडायचा नाही. मामा पवनीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, राहायला आसगावात. लग्नाच्या पंगतीला लोक हात हलवत येतात, मामा पिशवीत स्वतःचा स्टीलचा गिलास घेऊन यायचे. त्यावर नाव कोरलेलं, म्हणजे कुणी चुकून उचलला तर गुन्हा शाबित व्हावा. जातपात, लहानमोठा असला भेदभाव मुळीच नाही. त्यांच्या लेखी सगळ्या माणसांची थुंकी सारखीच घातकी. एखादं नातवंड चोखलेला आंबा प्रेमाने पुढे करी, तर मामा दोन पावलं मागे सरत. "थुंकीत काय काय राह्यते, तुमाले मालूम नाही," एवढं म्हणून गिलास पुन्हा एकदा विसळायला जात.

याचा सगळ्यात जास्त मार बसला तो मामींना. लग्नात एकमेकांना घास भरवायची वेळ आली, तेव्हा मामींच्या तोंडाला लागलेला जिलबीचा तुकडा मामांनी हातात घेतला, "मंग खातो" म्हणाले आणि मांडवामागच्या कोंबडीला घातला, अशी साक्ष देणाऱ्या म्हाताऱ्या आसगावात अजून आहेत. मामी हे हसत हसत सांगायच्या, पण सांगायचं काही सोडत नसत. ती गोष्ट निघाली की मामा पेपर उघडून बसत.

पुढे मामांच्या किडन्या गेल्या आणि मामींनी आपली एक देऊ केली. नागपूरला दोघांच्या तपासण्या झाल्या. सायटोमेगालो नावाचा एक विषाणू असतो, लहानपणी थुंकीतून वगैरे अंगात शिरतो आणि जन्मभर गुपचूप पडून राहतो. मामींच्या अंगात तो होता, मामांच्या नव्हता. डॉक्टर चकित झाले. "इतकी वर्षं एकाच घरात राहता ना?" त्यांनी विचारलं. मामी म्हणाल्या, "राह्यतो एकाच घरात. पण यायनं माह्या गिलासातलं पाणी कधी पेलं नाही." आपल्या विक्षिप्तपणाला दवाखान्यातून दाखला मिळाला म्हणून मामांची मान आठवडाभर ताठ होती.

पण तो विषाणू गिलासाची वाट बघत बसला नाही. तो मामींच्या किडनीत बसून आला. आधी विषाणूवरच्या गोळ्यांनी दबला, त्या संपल्यावर ताप घेऊन उठला. मी भेटायला गेलो, तर मामा खाटेवर पडल्या पडल्या मलाच शिकवायला लागले.

"धानाच्या राखणीवानी आहे हे, जावईबापू. रक्तात फिरनाऱ्या पेशी म्हणजे पोलिसची गाडी, चक्कर मारून चालली जाते. पण हा विषाणू एकदा आंगात शिरला, का काही पेशी फुप्फुसात, लाळेच्या गाठीत, तिथंच मुक्काम ठोकतात. वावरात खोपडी बांधून राह्यनाऱ्या राखणदारावानी. विषाणू मरत नाही, पण ते त्याले डोकं वर काढू देत नाही. तुमच्या मामीच्या आंगात लहानपनापासून राखणदार बसले आहेत. माह्या आंगात एकबी नाही. जे नवीन येऊन राहिले, त्यायले मीच गोळ्या देऊन झोपवून राहिलो. नाही तर ते मामीच्या किडनीलेच चोर समजतील."

पेच खराच होता. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी केल्या तर किडनी हातची जाणार, न केल्या तर विषाणू पसरणार. तिकडे आसगावचे नातेवाईक प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेलीचा काढा बाटल्या भरभरून आणत होते. ती वाढू नये म्हणूनच गोळ्या चालू आहेत, हे कुणाला पटेना. मामी बाटली मानाने घेत आणि परसातल्या पेरूच्या बुडाशी ओतत. एकदा रिकामी बाटली हातात धरून त्या मला म्हणाल्या, "माह्याच किडनीतून आलं ना हे? मी देल्ली नसती, तं?" खिडकीतून मामांचा आवाज आला, "तं मी कुठी राह्यलो असतो?" आणि मग, "अन् विषाणूच आला असं काहून समजते? किडनीत तुये राखणदारबी असतील थोडेसे. तेबी आले असतील सोबत."

डॉक्टरांनी गोळ्या बेताने कमी केल्या, सलाईनमधून औषध दिलं. मामांच्या पेशींनी हळूहळू चोर ओळखला. ताप उतरला, किडनी टिकली. परवा नागपूरहून तपासणी करून परतताना दोघं वरठीला आमच्याकडे उतरली. उन्हात आलेली माणसं, बायकोने पाणी दिलं. मामींनी अर्धा गिलास पिऊन खाली ठेवला. मामांची पिशवी मांडीवरच होती, त्यात त्यांचा गिलासही होता. तरी त्यांनी मामींचा गिलास उचलला आणि तोंडाला लावून रिकामा केला.

"डॉक्टरनं बाहेरच्यायचं उष्टं नको म्हटलं," मामा म्हणाले. "हे कुठं बाहेरची आहे?"

मामी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "पाहा जावईबापू, एका घोटासाठी मले किडनी द्या लागली."

मामांनी सवयीने पेपराकडे हात नेला, आणि तसाच मागे घेतला.