कात्रजचा अजगर

स्वेटरला डांबराच्या गोळ्यांचा वास आला की कात्रजच्या सर्पोद्यानातली ती गारठलेली सकाळ आठवते. माझे सासरे जाऊन महिना झाला होता आणि तुमचा बाबा जेमतेम पाच वर्षांचा होता. काचेमागे अजगर निपचित पडला होता. "मेलाय तो," बाबा म्हणाला. "नाही रे, थंडीत ते असेच झोपून राहतात." त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "आजोबापण झोपलेत म्हणाली होतीस. कुठे उठले?" काचेला नाक लावून तो उभाच राहिला. शेवटी अजगराने जीभ बाहेर काढली, तेव्हाच तो तिथून हलला. आजही फोनवर मी "बरी आहे" म्हटलं की तो म्हणतो, "आई, कॅमेरा चालू कर. बघू दे."