रानपिंगळ्याला दिलेली खोटी हाक

चूक माझी होती. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला माझी दया यायला नको. भूतखेत, चकवा असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी असे अनुभव टाकले की हसणाऱ्यांत मी पहिला. आजही ‘भूत’ हा शब्द मी वापरणार नाही... पण घडलं ते असं.

मी यावलला राहतो. सरकारी नोकरी, वय पन्नाशीच्या पुढे. घर गावाच्या कडेला. मागे तारेचं कुंपण, पलीकडे केळीची बाग आणि मोटरसायकलवर थोडं पुढे गेलं की सातपुड्याचं सागाचं रान. रविवारची सकाळ मी तिथेच घालवतो. सोबत नाना, आमच्याच ऑफिसातून रिटायर झालेले. नानांना फोटोचा नाद नाही. गळ्यात दुर्बीण, खिशात शेंगदाणे, आणि एका झाडाखाली नुसतं बसून राहायचं. पानगळीत रान किती बोलतं, ते मी त्यांच्याजवळ बसूनच ऐकायला लागलो.

त्या रानात रानपिंगळ्याची एक जोडी होती. हे लहानसं घुबड दिवसा फिरतं, आणि आता फार थोड्या ठिकाणी उरलंय. झाड कोणतं, ते मुद्दाम सांगत नाही. ढोलीत पिल्लू होतं. नाना लांबूनच बघायचे आणि म्हणायचे, “दिसलं ना? चाल आता, त्याइले त्याइचं काम करू दे.”

मला मात्र फोटो हवा होता.

एकदा नानांना न सांगता एकटाच गेलो. मोबाईलमध्ये रानपिंगळ्याचा आवाज होता. छोटा स्पीकर झुडपात ठेवून तो लावला. असा आवाज ऐकला की पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसलाय. नर लगेच उघड्या फांदीवर आला. शेपटी झटकत इकडेतिकडे शोधू लागला. मग मादीही ढोली सोडून आली. तेव्हा तरी मी आवाज बंद करायला हवा होता. पण दोघं एका फ्रेममध्ये मिळत होती... आणि लेन्समधूनच दिसलं, दुसऱ्यांची पिल्लं पळवणारा टकाचोर पक्षी ढोलीतून बाहेर पडला. चोचीत काहीतरी लोंबत होतं.

ती दोघं अजून त्या झुडपाकडेच बघत होती.

फोटोचं ग्रुपवर भरपूर कौतुक झालं. नानांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. “काहून रे भो, एवढ्या उघड्यावर कसं काय बसलं हे? तुह्यासाठी नटून आलं होतं का?”

“नशीब, नाना,” मी म्हणालो.

काही दिवसांनी, भर दुपारी, केळीच्या बागेतून बायकोची हाक आली. “अहो, जरा येता का?” अगदी तिचाच आवाज. मी कुंपणापर्यंत गेलो. कोणी नाही. फोन केला तर ती जळगावहून यायला बसमध्ये बसत होती. भास झाला असेल म्हणून सोडून दिलं.

पुढच्या वेळी बायको माझ्यासमोर मेथी निवडत बसली होती. तीच हाक बागेतून आली. ती मान खाली घालून निवडतच होती; तिला काही ऐकू आलं नव्हतं. पण आतल्या खोलीतून, खाटेवरून माझी माय म्हणाली, “जाय ना रे, कधीची बोलावते ती तुले!”

बायकोचा हात थांबला. “माय, मी तर इथंच आहे.”

माय ऐंशीच्या घरातली. आधाराशिवाय चालता येत नाही, म्हणून तिला एकटं ठेवायचं नाही हा घरचा नियम. तो मीच मोडला. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा बायको बाहेर गेली होती, घरात माय आणि मी दोघंच होतो. या वेळी बायकोचा आवाज घाबरलेला होता. मी धावलो. आवाज बागेत... मग बांधावर... मग त्याच्याही पुढे. परत आलो तेव्हा माय मागच्या दाराच्या पायरीखाली पडलेली होती.

“माय, उठली कशाला गं?”

“तूच तं बोलावलं मले,” ती कण्हत म्हणाली. “बाहेर ये, माय, बाहेर ये... असा वरडत होता. अन् आली तं कोणीच नाही.”

मी तोंडातून शब्दही काढला नव्हता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, माय वाचली. डॉक्टर म्हणाले, या वयात भास होतात. मग माझं काय? कान तपासून घेतले, ठीक आहेत. माय आणि मी एकच हाक ऐकतो आणि मध्ये बसलेल्या बायकोला ती ऐकू येत नाही, हे मला आजही कोणी समजावू शकलेलं नाही.

दवाखान्यातच नानांना सगळं खरं सांगितलं.  ते म्हणाले, “मले लबाड बोलला तू.” आणि उठून गेले. अजून पूर्वीसारखे बोलत नाहीत.

माय घरी आल्यावर मी एकटाच रानात गेलो. ढोली रिकामी होती. ती जोडी कुठे दिसली नाही. हात जोडावेत की नाही, कळेना. वेड्यासारखं वाटत होतं, तरी मोठ्याने बोललो, “त्या दिवशी तुमच्या हद्दीत कोणीच आलं नव्हतं. मी खोटं बोलावलं तुम्हाला. तुमचं पिल्लू माझ्यामुळे गेलं. मला माफ करा.”