शनिवार संध्याकाळचं व्होल्टेज

काल संध्याकाळी पेणला, आमच्या रामवाडीत, व्होल्टेज इतकं उतरलं की पंख्याची पाती मोजता आली असती. बायको वीजवाल्यांच्या नावानं खडे फोडत होती... आणि मला रोह्याच्या मिलकामावशी आठवल्या.

नव्वदच्या दशकात मी रोह्याला एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. खोली मावशींकडे. मावशी ज्यू, म्हणजे आपल्याकडचे शनवार तेली, पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे. त्यांच्यातली बहुतेक घरं इस्रायलला गेलेली, मावशींचा एकुलता एक दानियलसुद्धा. माझी खोली त्याचीच. "तो आला की तुला उठावं लागंल हां," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

दानियलनं पत्राऐवजी कॅसेट पाठवली होती. फीत झिजेल म्हणून मावशी ती आठवड्यातून एकदाच ऐकायच्या. शनिवारी त्यांचा शब्बाथ, कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. अंधारून चांदण्या दिसल्या की शब्बाथ सुटायचा, आणि मग टेप. मी दर शनिवारी पेणला घरी पळायचो, त्यामुळे मला ते कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

एका शनिवारी शिफ्ट लागली म्हणून थांबलो. मावशींनी टेप लावला... आणि आतून एक जड, ओढत ओढत बोलणारा माणूस. "आई... मी... बरा... आहे..." मधेच कण्हल्यासारखं काहीतरी.

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. "बरा हाय म्हणतो, पण आवाज ऐक. त्याला तिथलं मानवत नाय. येईल बघ तो परत." तो त्यांना तिकडे बोलावत होता, आणि त्या याच आवाजाच्या भरवशावर जात नव्हत्या.

वर बल्ब पिवळा पडला होता. टेप चालत होता अडॅप्टरवर. अडॅप्टर म्हणजे छोटा ट्रान्सफॉर्मरच, त्याला स्वतःची अक्कल नसते... आत दोनशे तीस व्होल्ट गेले तर बाहेर सहा देणार, आत दीडशेच गेले तर बाहेर जेमतेम चार. संध्याकाळी अख्खं गाव दिवे-पंखे लावणार, आणि मावशींचा टेप नेमका तेव्हाच. मोटर रडतखडत फिरणार, मग आवाज जड येणारच.

मला वाटलं, म्हातारीच्या जिवाचा घोर तरी जाईल. नाक्यावरून नवे सेल आणले, टेपात घातले, कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली.

पोरगा भराभरा बोलायला लागला. बरा आहे, काम मिळालंय, घर बघितलंय, तू ये. आणि ते कण्हणं... ते हसणं होतं. मागून कुणी मुलगी त्याला चिडवत होती आणि तो बोलता बोलता हसत होता.

मावशी आधी हसल्या, जिवात जीव आल्यासारख्या. मग टेप बंद केला. "खुशीत हाय म्हणजे," एवढंच म्हणाल्या.

जेवायला वाढताना म्हणाल्या, "तू राहा रे खोलीत. आता कसली घाई नाय." मला फार वाईट वाटलं.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम थांबलो. चांदण्या दिसल्यावर मावशींनी टेपातले सेल काढून माझ्या हातात ठेवले. "तुझ्या बॅटरीला होतील," म्हणाल्या, आणि अडॅप्टर प्लगात खोचला. बल्ब पिवळाच होता. दानियल परत जड आवाजात बोलायला लागला, आणि मावशी डोळे मिटून ऐकत बसल्या.

आता माझा मुलगा परदेशातून फोन करतो. आवाज अगदी स्वच्छ येतो, गडी खुशीत असतो... देवाची कृपा. तरी फोन ठेवल्यावर मी बायकोला विचारतोच, आज जरा दमल्यासारखा वाटला का गं?