मिठाच्या राशीवरचा ठसा

बाविसाव्या वर्षी मी ठाण्याला मीठ खात्यात कारकून म्हणून लागलो. सरकारी लेखणीपुढे कुणाची मिजास चालत नाही, असे तेव्हा मला वाटे. माजिवड्याच्या पुढे खाडीवर मुंबईच्या एका कंपनीचे मोठे मिठागर होते. तिथला मॅनेजर मला साधे बसा म्हणत नसे, त्यामुळे माझा त्याच्यावर दात होता.

मिठाची रास झाली की ती चिखलाने लिंपायची आणि ओल्या चिखलात आमचा लाकडी ठसा उमटवायचा, अशी तिथली रीत. कर भरेपर्यंत राशीला कुणी हात लावायचा नाही. एका दुपारी तिथे मीठ पिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या आगऱ्याने मला हाक मारली. बापाने घातलेले तीन वाफे तो आता कंपनीसाठी पिकवत होता.

“भाऊसाहेब, ठसा मोरलाय बगा,” तो म्हणाला. “म्यानेजरनी होरी भरून न्हेली. उद्या आमच्यावर नको यायला, म्हनून सांगतो.”

कर न भरताच ठसा मोडून होडीभर मीठ नेल्याचा रिपोर्ट मी उन्हात उभ्या उभ्या लिहिला. ठाण्याच्या कोर्टात कंपनीला जबर दंड झाला. मॅनेजरने मान तुकवून तो तिथल्या तिथे भरला. मी घरी पेढे नेले.

त्याच आठवड्यात मॅनेजरने सगळ्या आगऱ्यांना बांधावर बोलावले. राखण नीट झाली नाही, म्हणून दंड मजुरीतून कापणार, असे त्याने सांगितले. म्हाताऱ्याचे दोन वाफे त्याने जागीच काढून घेतले. मी घसा बसेपर्यंत भांडलो. आमचे साहेब म्हणाले, दंड वसूल झाला, तो कुणाच्या खिशातून आला हे बघणे आपले काम नव्हे. शिवाय बातमी दिल्याबद्दलचा दंडातला वाटा मला मिळाला, कारण रिपोर्टावर सही माझी होती. त्यातून मी नवे पागोटे घेतले. लिहिताना आजही लाज वाटते.

पुढच्या हंगामात मी तपासणीला गेलो. म्हातारा राशीपुढे उभा होता. रास एका अंगाने खचली होती, आतले मीठ कमी झालेले. बाकीचा चिखल वाळून तडकलेला, ठशापुरता तेवढा ओला, आणि ठसा बोटाने कोरलेला. त्याचे हात मनगटापर्यंत चिखलाने भरले होते.

“येकच वाफा ऱ्हायलाय, भाऊसाहेब,” तो हळू म्हणाला. “ठसा हाय. लिवा.”

मी लिहिले, ठसा शाबूत.